डावा पंख

उत्तनच्या सेलेस्टिनला मुलाच्या होडीच्या इंजिनासाठी घरातला घडीचा जपानी पडदा विकायचा होता. रेशमावर भरलेले करकोचे. इतकी वर्षं तो हॉलमध्ये क्रूसामागे उभा होता.

“सासरे बोटीवर होते. मोठी लढाई संपल्यावर कोबे बंदरातून आणला,” सेलेस्टिन म्हणाली.

“विकायच्या वेळी सगळ्यांचेच सासरे बोटीवर असतात,” घरं सजवून देणारी गिरिजा म्हणाली. नकली रेशीम जळताना कागदासारखा वास येतो. तिने सेलेस्टिनला विचारून एका करकोच्याच्या काळ्या पंखातून धागा काढला आणि काडी लावली. केस जळल्याचा वास आला. राखेचा चिमटीत भुगा झाला.

“अस्सल आहे. घेते मी.”

सेलेस्टिनने वाकून पंख पाहिला. “डाव्या पंखातला काढला का, बाय?”

“हो. का?”

“माज्या लग्नाच्या वर्षी क्रूसापुढच्या मेणबत्तीनं तो पंख जळला. सासूला कळू नये म्हणून माजेच केस सुईत ओवून भरला. अजून कोणाला म्हायती न्हाय.” तिने काडेपेटी पुढे सरकवली. “आता उजव्यातला काढून बघा.”

गिरिजाने काडेपेटी पर्समध्ये टाकली आणि इंजिन कधी घ्यायचंय ते विचारलं.