ओलीचं कारण

‘‘खिडक्या उघडायला हात दुखतात का हो, बाई?’’ तपासनीस उंबरठ्यावरूनच म्हणाला आणि त्याने नाकाला रुमाल लावला.

बाई बाजूला झाली.

तिचा हा तिसरा अर्ज. मुलीला दमा जडलाय, भिंतीतून ओल येते, भिंत दुरुस्त करून द्या. वसाहतीच्या दुरुस्ती खात्यात असे अर्ज ढिगाने येत आणि त्यांची वासलात हा एकटा लावी. दोष भिंतीचा निघाला तर दुरुस्ती खात्याच्या गळ्यात. राहणाऱ्यांचा निघाला तर फाईल बंद. अकरा वर्षांत त्याला दोषी भिंत एकही सापडली नव्हती. सापडायची ती माणसं. तीही कसली, तर उकळत्या भांड्यावर झाकण ठेवायची अक्कल नसलेली, ओले कपडे खोलीत वाळत घालणारी आणि वर पोर खोकलं की खात्याच्या नावाने गळा काढणारी. या बाईला त्याने दोनदा समजावलं होतं. पण ऐकेल तर शपथ!

आतल्या खोलीत कुबट वासाने घसा धरला. पलंगामागची भिंत बुरशीने छतापर्यंत काळी पडली होती. मागच्या वेळी हाच डाग ताटाएवढा होता. पोपडे सुटून गादीवर पडले होते आणि ते कोणी झटकलेही नव्हते. त्याने टेबलावरून बोट फिरवलं. धुळीत रेघ उठली.

‘‘झाडू कधी मारता? की तोही खात्याने येऊन मारायचा?’’

बाई भिंतीकडे बघत उभी राहिली. निगरगट्ट, तो मनात म्हणाला.

खोलीतली कपड्यांची दोरी त्याने लगेच हेरली. दोरी रिकामी होती.

‘‘मी येणार म्हणून उचलले वाटतं? आम्ही काय काल कामाला लागलो?’’

स्वयंपाकघरात जाऊन त्याने हात धुवायला नळ सोडला. नळ आधी नुसताच फुरफुरला, मग तांबूस पाणी थुंकला. मोरी कोरडी ठणठणीत. इतका वेळ झाला, तरी या घरात चहाचं नाव नव्हतं. तो चरफडला. हात न धुताच बाहेर आला.

‘‘पोरगी कुठाय?’’

‘‘आजीकडे.’’

‘‘वा! आजारी पोर म्हातारीच्या गळ्यात आणि तुम्ही मोकळ्या. आणि मोकळ्या राहून घराची ही कळा!’’

बाईने खांद्यावरची पर्स सावरली.

पिशवीतून त्याने ओल मोजायचं यंत्र काढलं आणि भिंतीला टेकवलं. यंत्र टिवटिवायला लागलं. आकडा न बघताच त्याने ते परत पिशवीत टाकलं. आकड्याने काय फरक पडणार होता? कारणाच्या रकान्यासाठी त्याने शिक्काच करून घेतला होता. रोज तेच तेच लिहून बोटं दुखायची. त्याने अहवालाच्या दोन्ही प्रतींवर तो ठोकला.

‘‘साहेब, काय लिहिलंत ते वाचून दाखवा,’’ बाई म्हणाली.

‘‘वाचता येत नाही?’’

‘‘तुमच्या तोंडून ऐकायचंय.’’

त्याने कंटाळलेल्या आवाजात वाचलं. ‘‘कारण, राहणाऱ्यांच्या रोजच्या सवयी. बंद खिडक्या, स्वयंपाकाची वाफ, घरात वाळवलेले कपडे. भिंतीत दोष नाही. दुरुस्ती नामंजूर.’’

‘‘आजची तारीख घाला. आणि सही.’’

चला, उशिरा का होईना, बाई ताळ्यावर आली. त्याने झोकात सही ठोकली आणि तिची प्रत तिच्या हातात दिली. तिने ती ओळ न ओळ तपासली, घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली. मग पहिल्यांदाच त्याच्या डोळ्याला डोळा दिला.

‘‘मागच्या वेळी तुम्ही गेलात, त्याच आठवड्यात आम्ही सगळे पोरीला घेऊन माझ्या आईकडे राहायला गेलो, साहेब. आठ महिने या घराला कुलूप आहे. इथे राहतं कोण, तेवढं आता तुमच्या प्रतीवर लिहून टाका.’’