आमारोला पोचवायला

“आमारो, जपून! इथं कडा ढासळलाय,” उशियानं मागं वळून मोकळ्या वाटेला बजावलं आणि पुढं चालू लागली.

मागून येणाऱ्या दोसिंदानं, आमारोच्या आईनं, डोक्यावरचा रुमाल कानांवर ओढला. सकाळी सेदेइराच्या धक्क्यावरून निघाल्यापासून सून अशाच हाका मारत होती. रीतच तशी होती. डोंगरापलीकडच्या संत आंद्रेसच्या दर्शनाला जो जिवंतपणी गेला नाही, त्याला मेल्यावर जावंच लागतं. घरच्यांनी त्याला बोलवायचं, वाटभर त्याच्याशी बोलायचं, त्याचा घास काढायचा आणि संतापुढं उभं करून सांगायचं, ‘पोचलास, आता इथंच राहा.’

आमारोला कबर नव्हती. दीड वर्षापूर्वी नुसती त्याची बोट सापडली होती, रिकामी. म्हणून उशियानं काल त्याला समुद्राकडं तोंड करून बोलावलं होतं.

आणि आमारो जिवंत होता.

बोट सापडल्यावर काही महिन्यांनी दोसिंदाला फोन आला होता. “आई, मी लास पाल्मासला आहे, लांब बेटावर. एक बाई आहे सोबत. उशियाला सांगू नकोस.” आईनं नाही सांगितलं. तिशीतली सून काळे कपडे घालून सासूच्या गुडघ्यांना तेल चोळत राहिली आणि सासू चोळून घेत राहिली. पोरानं शेण खावं आणि आईनं तोंड पुसावं, जगात सगळीकडं हेच.

पण जिवंत माणसाला मेलेला म्हणून पोचवलं तर? दोसिंदाची आजी सांगायची, संत चौकशी करत नाही. आणलेलं ठेवून घेतो.

“पोरी, गुडघा धरलाय. परत फिरू. पुढच्या वर्षी बसनं येऊ.”

“तुम्ही बसा इथंच, आई. आम्ही दोघं जाऊन येतो.”

आम्ही दोघं! दोसिंदा गुडघा विसरून उठली.

वाटेत एक सरडा आडवा आला. या वाटेवर कुणी मुंगीसुद्धा चिरडत नाही, दर्शनाला निघालेला कुठला मेलेला कुठल्या रूपात असेल सांगता येत नाही. दोसिंदा थबकली. उशियानं काठीनं सरड्याला बाजूला ढकललं.

“हा तो नाही.”

“तुला काय ठाऊक?”

“बायको आहे मी त्याची.”

समोरून धुक्यातून एलादिओ आला. डोंगरावर घोडी चरायला सोडणारा म्हातारा.

“कुणाला नेताय?”

“नवऱ्याला,” उशिया म्हणाली.

एलादिओनं टोपी काढली, वाट सोडून काट्यात उभा राहिला आणि दोघींच्या मागच्या हवेला म्हणाला, “जा बाबा आमारो. जन्मात कुठं वेळेवर पोचला नाहीस, आज तरी पोच.”

उशिया हसली. दोसिंदानं घाईघाईनं छातीवर क्रूस काढला. आणखी एका तोंडानं तिच्या पोराला मेला म्हटलं होतं.

वर पठारावर उशियानं फडकं सोडलं. आत ट्यूना मासा भरून भाजलेली जाड पोळी, एम्पनाडा होती. तिनं तीन तुकडे केले आणि तिसरा दगडावर ठेवला. दोसिंदानं झडप घालून तो उचलला आणि गपागप तोंडात कोंबला.

“त्याचा वाटा होता तो, आई.”

“भूक लागली मला.”

“मग खा. त्याला काय, त्याला कुणी ना कुणी वाढतंच.”

दोसिंदाला ठसका लागला. उशियानं शांतपणे पाण्याची बाटली पुढं केली.

उतार लागला. खाली धुक्यात संताच्या चर्चची पांढरी भिंत दिसायला लागली. दोसिंदानं मग सगळं करून पाहिलं. चुकीची वाट दाखवली, घेरी आल्याचं सोंग केलं, रडलीसुद्धा. उशियानं दर वेळी तिच्या काखेत हात घालून तिला उभं केलं आणि मागं वळून हाक दिली, “चल रे, थोडंच राहिलं.”

चर्चमध्ये कुणी नव्हतं. उशियानं मेणबत्ती लावली, खोचली आणि तोंड उघडलं.

दोसिंदानं तिचं मनगट पकडलं.

“थांब! नको बोलूस. तो जिवंत आहे गं! लास पाल्मासला आहे, दुसरी बाई ठेवलीय त्यानं. मी लपवलं. मला मार, थुंक माझ्या तोंडावर, पण त्याला इथं सोडू नकोस. जिवंत आहे माझं पोर!”

“ठाऊक आहे, आई,” उशिया म्हणाली. तिनं सासूची बोटं एकेक करून सोडवली, संताकडं तोंड केलं आणि खणखणीत आवाजात सांगितलं, “आमारो, पोचलास. आता इथंच राहा.”