चमच्यावरचे दात
छकुलीचा ताप उतरला होता. "लहानपणी घरात कुणाला तापात झटके आले होते?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "आमच्या घराण्यात? छे!" सासूबाई फणकारल्या. "हे हिच्या माहेरचं." सकाळी लेकीला झटके आले, तेव्हा याच सासूबाई जुना लाकडी चमचा घेऊन तिच्या दातांत घालायला धावल्या होत्या. मी तो हिसकावला, पोरीला कुशीवर वळवलं आणि आगाऊ ठरले. तोच चमचा मी पर्समधून काढून टेबलावर आपटला. त्याच्या दांड्यावर चिमुकल्या दातांच्या जुन्या खुणा होत्या. "छकुलीच्या तोंडात मी हा जाऊच दिला नाही. मग हे दात कुणाचे?" सासूबाई खिडकीबाहेर बघू लागल्या. नवऱ्याने चमचा उचलला. "आई, तू म्हणायचीस, मी एवढा खादाड की चमचासुद्धा चावला. तो हाच ना?" "लिहा, डॉक्टर," मी म्हणाले. "यांच्याच घराण्यात."