दोन जादा ट्यूब

सायकलवर सहलीला निघालं की पंप, पाने, जादा ट्यूब असं सगळं ओझं शहनाजच्या सायकलला असायचं. चढावर ती मागं पडली की तिचा नवरा इलाही ओरडायचा, "पाय हालव की गं!"

"ओझं माझ्याकडं अन् बोंब तुमची व्हय!" ती म्हणायची.

ती वारल्यावर वर्षानं तो मुळशी धरणाकडं एकटाच निघाला, तिची लहान चाकाची सायकल घेऊन. पिरंगुटच्या घाटात ट्यूब फुटली. तिनं भरून ठेवलेल्या पिशवीतल्या दोन्ही ट्यूब चाकात बसेनात. त्यानं पिशवी रस्त्यावर आपटली आणि मेलेल्या बायकोवर ओरडला, "स्वतःच्या चाकाचं मापबी कळत न्हवतं व्हय तुला?"

मग त्यानं ट्यूबवरचं माप वाचलं.



दोन्ही ट्यूब त्याच्या सायकलच्या होत्या.