दोघांची शपथ

शाळेची बस चालवणं सोडून मार्वाने नोटरीचा शिक्का घेतला, तो अंथरुणाला खिळलेल्यांच्या उशाशी जाण्यासाठी. मरायला टेकलेल्या एम्मेटला घर ओपलच्या नावावर करायचं होतं. लग्नावाचून तीस वर्षं तिनेच त्याला सांभाळलं. पण ओळखपत्र म्हणून त्याने दाखवलेल्या ड्रायव्हिंग लायसन्सची मुदत संपलेली. “नवं काढा, काका, मग सही.” “आता काय गाडी चालवत स्वर्गात जाऊ, पोरी?” नियम म्हणजे नियम, म्हणत मार्वा उठली. चौथ्या दिवशी तो गेला. घर पुतण्याला मिळालं. महिन्याने तिने पिशवीतलं नियमांचं पुस्तक उघडलं: ओळखपत्र नसलं, तर ओळखणाऱ्या दोघांची शपथ चालते. त्या दिवशी शेजारचं जोडपं सूप घेऊन खाटेपाशीच उभं होतं. ती एम्मेटच्या घरी पोहोचली, तेव्हा ती दोघं घर सोडून निघालेल्या ओपलची खोकी उचलत होती. “एम्मेटशी किती वर्षांची ओळख?” “चाळीस,” शेजारीण म्हणाली. “तेव्हा विचारलं असतंस, तरी चाळीसच सांगितली असती.”