बैठकीची जागा

नगरपालिकेच्या ओव्हरसियरनं बैठकीच्या खोलीत घराचा मंजूर नकाशा पसरला, तेव्हा शालूबाई दाराआड हात पदरात गुंडाळून उभी होती. नकाशात नेमका याच जागी संडास होता. घराला विटाळ नको म्हणून तिच्या नवऱ्यानं, लालासाहेबांनी, तिथं बैठक बांधली होती. परवाच पोटुशी सून पहाटे टमरेल घेऊन कृष्णाकाठी जाताना घसरून पडली होती. “आमच्यावर अर्ज कुणी केला?” लालासाहेब गरजले. “नाव सांगता येत नाही. अर्जावर अंगठा आहे.” “त्यो शेजारचा अडाणी जोतीरामच! बघतोच त्येला.” “आधी नोटिशीवर सही करा.” “सही करतंय माझं खेटार! हिचा आंगठा घ्या.” ओव्हरसियरनं शाईची डबी उघडली. शालूबाईनं पदरातून हात काढला. अंगठा आधीच निळा होता. भाकऱ्या थापून थापूनही रंग गेला नव्हता. “डबी ऱ्हाऊ द्या, सायेब,” ती म्हणाली, “कालची शाई आजून हाय.”