शनिवारपर्यंतच्या सह्या

“शनिवारची तपासणी झालीसुद्धा?” इन्स्पेक्टरने रजिस्टर टेबलावरून पुढे सरकवलं. “आज तर शुक्रवार आहे.”

गोदामाच्या सुपरवायझरने रजिस्टर जवळ ओढलं. सही त्याच्या मेहुण्याची, धाकट्या बहिणीच्या नवऱ्याची होती. ठसठशीत, खाली रेघ ओढलेली. ‘प्रोपेनचे सिलिंडर तपासले, गळती नाही.’ सोमवार ते शनिवार, सहाच्या सहा ओळी भरलेल्या. बुधवारी सकाळी त्यातलाच एक सिलिंडर गळला आणि पेटला. गुरुवारी पहाटे मेहुणा गेला. त्याला पोचवून आल्यापासून सुपरवायझरच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. हातपाय चालत होते, तोंड बोलत होतं, आत मात्र सगळं बधिर.

नियम तसा साधा. गोदामातल्या माल उचलणाऱ्या, गॅसवर चालणाऱ्या फोर्कलिफ्टला सिलिंडर लावायच्या आधी रोज साबणाचं पाणी लावायचं, बुडबुडे येतात का बघायचं, मग सही करायची. वीस मिनिटांचं काम. पण सकाळी दारात ट्रकची रांग लागायची, ड्रायव्हर हॉर्न वाजवून डोकं उठवायचे. मग सुपरवायझरनेच शक्कल काढली. सोमवारी एकदा सगळं तपासायचं आणि आठवडाभराच्या सह्या मारून मोकळं व्हायचं.

मेहुण्याने कुरकुर केली होती. “दादा, सिलिंडर तर रोज बदलतात हो.”

“शहाणपणा पुरे. सही मार आणि गाडी काढ.”

साल उलटलं. काही झालं नाही. मग काही होणारच नाही, असं दोघांनाही वाटायला लागलं.

बाहेर बाकावर बहीण बसली होती. तिचाही जबाब व्हायचा होता. तो आत यायला निघाला तेव्हा तिने त्याची बाही धरली होती. “दादा, हे कामात कुचराई करणारे नव्हते. तेवढं एक सांग साहेबांना. उद्या माझ्या पोरीला कुणी टोचून बोलायला नको.” हो म्हणून तो आत आला होता.

“आधीच सह्या मारायला याला कुणी सांगितलं होतं?” इन्स्पेक्टरने विचारलं.

“मला कल्पना नाही, साहेब.”

किती सहज निघालं तोंडातून! नोकरी जाईल, कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागतील, एवढंच काय ते डोक्यात होतं. लाज वाटायला हवी होती. तीही वाटली नाही.

इन्स्पेक्टरने मान डोलावली आणि फाइलमधून एक कागद काढला. “जुळतंय. बुधवारी संध्याकाळी तो शुद्धीवर होता, तेव्हा हॉस्पिटलमध्ये त्याचा जबाब घेतलाय. ऐका. ‘सह्या मी माझ्या मनाने मारल्या. आमच्या सुपरवायझर दादांना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांची नोकरी घालवू नका. माझ्यामागे माझ्या बायकोला त्यांच्याशिवाय कुणी नाही.’” त्याने कागद खाली ठेवला. “म्हणजे चूक त्याचीच. सुटलात तुम्ही.”

सुपरवायझरने दाराकडे पाहिलं. दोन दिवसांत पहिल्यांदाच त्याच्या छातीत काहीतरी हललं आणि हललं तसं दुखायला लागलं.

“थांबा साहेब,” तो म्हणाला, “मेहुणा खोटं बोललाय.”